मँचेस्टर की बर्मिंगहॅम? मोकळे दोन दिवस कुठे घालवावेत

लंडनला मुलाकडे-मुलीकडे महिनाभर राहायला गेलेल्या ओळखीच्या मंडळींचा साधारण तिसऱ्या आठवड्यात फोन येतो. राजवाडा, संग्रहालयं, नदीवरचे पूल सगळं बघून झालेलं असतं, मुलं कामाला गेलेली असतात आणि हाताशी दोन दिवस मोकळे असतात. "ज्या कारखान्यांच्या जोरावर इंग्रज मोठे झाले, त्यातलं एखादं शहर बघावं म्हणतोय. मँचेस्टरला जाऊ की बर्मिंगहॅमला?" दोन दिवसांत दोन्ही उरकायचा बेत मी कुणालाच सुचवत नाही. स्टेशनं तेवढी बघून होतील. एक निवडा आणि तिथे एक रात्र मुक्काम करा.

कुठलं निवडावं हे सांगण्याआधी माझं पारडं कुठे झुकतं तेही सांगून टाकतो. माझे वडील परळच्या एका गिरणीत विणाईखात्यात होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. आमच्या घरी मँचेस्टर हे नाव मी शाळेत भूगोल शिकायच्या आधीपासून ऐकत आलोय. त्यामुळे माझे पाय आपोआप तिकडे वळतात. तरीही प्रश्न विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी बर्मिंगहॅमला पाठवतो, आणि ते खूश होऊन परत येतात.

एका मालाचं गाव, हजार मालांचं गाव

दोन्ही शहरं एकाच काळात वाढली, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. दोन्हींच्या जवळ कोळसा होता, दोन्हीकडे कालवे खणले गेले, आणि कोणी कुठला धंदा करावा हे ठरवणाऱ्या जुन्या कारागीरसंघांचा जाच दोन्हीकडे नव्हता. माणसांची एवढी गर्दी झाली तरी १८३२ पर्यंत यांपैकी एकाही गावाला पार्लमेंटात स्वतःचा खासदार नव्हता. इथपर्यंत सारखेपणा. पुढे मात्र वाटा फुटतात.

मँचेस्टरने एकच माल धरला, कापूस. कापसाला मोठी गिरणी लागते, गिरणीला मोठं भांडवल लागतं आणि शेकड्यांनी कामगार लागतात. मालक वर, कामगार खाली, मधे फारसं कोणी नाही. बर्मिंगहॅमने धातू धरला, आणि धातूपासून जे जे होईल ते ते केलं: बटणं, बकला, पिना, बिजागऱ्या, टाक, शिट्ट्या, दागिने, बंदुका. हजार धंद्यांचं शहर असं त्याला म्हणतात. हे काम पाच-दहा माणसांच्या कारखान्यात व्हायचं. मालक स्वतः कामगारांच्या शेजारच्या बाकावर बसलेला असायचा, आणि आजचा कामगार चार पैसे जमवून उद्या पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान थाटू शकायचा. १८३५ मध्ये फ्रान्सचा विचारवंत तोकव्हिल दोन्ही शहरं फिरला, त्यानेही नेमका हाच फरक टिपून ठेवला.

आपल्या भाषेत सांगायचं तर मँचेस्टर म्हणजे गिरणगाव. बर्मिंगहॅम म्हणजे पुण्याची तांबट आळी आणि हुपरीची चांदीची घरं एकत्र करून कित्येक पटींनी वाढवलेली. निवड करताना हा फरक मनात ठेवा, कारण दोन्ही शहरं बघायची पद्धतही त्यावरच ठरते. मँचेस्टरचा इतिहास मोठ्या घटनांचा आहे, तो चौकात उभा राहून समजतो. बर्मिंगहॅमचा इतिहास छोट्या वस्तूंचा आहे. तो बघायला दार लोटून आत जावं लागतं.

मँचेस्टर

सुरुवात कॅसलफील्डपासून करा. इसवी सन ७९ च्या सुमाराचा रोमन किल्ला, ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरचा कालवा आणि जगातलं सर्वांत जुनं टिकून असलेलं प्रवासी रेल्वेस्थानक, तिन्ही पायी काही मिनिटांच्या अंतरात आहेत. कालवा १७६१ मध्ये खुला झाला. वर्स्लीच्या खाणीतला कोळसा घोड्याच्या पाठीवरून येण्याऐवजी होडीतून येऊ लागला आणि गावात त्याची किंमत निम्म्यावर आली. त्या स्वस्त कोळशावर पुढे गिरण्यांची वाफ तयार झाली. रेल्वे १५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूलहून मँचेस्टरपर्यंत धावली. उद्घाटनाच्याच दिवशी विल्यम हस्किसन नावाचा खासदार 'रॉकेट' इंजिनाखाली येऊन दगावला. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर २३ वर्षांनी सुटली. ते जुनं स्टेशन आता विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाचा भाग आहे. प्रवेशाला पैसे नाहीत.

मात्र गिरणी खऱ्या अर्थाने बघायची असेल तर शहराबाहेर, विमानतळाजवळच्या स्टायल गावात क्वारी बँक मिल आहे, तिथे जा. सॅम्युअल ग्रेगने ती १७८४ मध्ये नदीकाठी बांधली. पाणचक्की अजून फिरते, साचे (यंत्रमाग) अजून चालतात. माझ्या दोन दिवसांतला अर्धा दिवस मी नेहमी इथे ठेवतो. मार्गदर्शक एक साचा सुरू करतो आणि धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, इकडून तिकडे आपटायला लागतो. एका साच्याचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अशा शेकडो साच्यांमध्ये माणसं दिवसाचे बारा-बारा तास उभी राहत. लँकेशरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या परगण्यातल्या, विणकर बायकांनी त्यावर उपाय काढला होता. ओठ मोठे हलवून, चेहऱ्याने बोलायचं. त्या बोलीला त्यांनी 'मी-मॉइंग' असं नाव दिलं होतं. हे ऐकलं आणि मला घरातले वडील आठवले. ते जेवताना सुद्धा समोरच्याच्या ओठांकडे बघायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं, बाबा किती लक्ष देऊन ऐकतात.

त्याच खोलीत धोट्याचं भोक दाखवतात. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवायची आणि सुताचं टोक त्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचं. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागायचा. आजार पसरायचे, दात किडायचे. मुंबईत हीच रीत आली आणि तिच्याबरोबर आपली जातही कामाला आली. सूत तोंडाने ओढायचं म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त पगाराच्या विणाईखात्यात प्रवेशच नव्हता. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. मँचेस्टरच्या एका लाकडी तुकड्याला असलेलं भोक मुंबईत माणसाला नोकरी नाकारायचं कारण झालं. तो धोटा हातात घेऊन बघा, मिळतो तिथे.

शहरात परत आलात की सेंट पीटर्स फील्डच्या जागी जा. आज तिथे मैदान नाही, हॉटेलं आणि रस्ते आहेत. १६ ऑगस्ट १८१९ ला मताचा हक्क मागायला सुमारे साठ हजार लोक इथे जमले होते, पुष्कळसे रविवारचे ठेवणीतले कपडे घालून, मुलाबाळांसह. मॅजिस्ट्रेटांनी घोडेस्वार सोडले. अठरा माणसं मेली, शेकडो जखमी झाली. चारच वर्षांपूर्वी वॉटर्लूची लढाई झाली होती, म्हणून लोकांनी याला पीटर्लू म्हटलं. यातूनच १८२१ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन' निघालं, जे आजचं 'गार्डियन'. २०१९ मध्ये इथे गोल पायऱ्यांचं स्मारक झालं आहे, त्यावर मेलेल्यांची नावं आणि गावं कोरली आहेत. जालियनवाला बागेच्या बरोबर शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. आपल्याच माणसांवर घोडे घालणारं सरकार परक्या देशात हात आखडता घेईल कशाला, हा विचार मला त्या पायऱ्यांवर बसल्यावर दर वेळी येतो.

पीटर्लूपासून दहा मिनिटांवर लिंकनचा पुतळा आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाचं इथे काय काम? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशरला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश तिथल्या दक्षिणेकडच्या गुलामांच्या मळ्यांतून यायचा. बंदरं अडवली गेली, कापूस थांबला, गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी राहू लागले. तरीही ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या कामगारांनी फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा घेतली आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारं पत्र लिंकनला पाठवलं. लिंकनने उत्तर दिलं. त्यातला मजकूर पुतळ्याच्या चौथऱ्यावर आहे. आणि याच वर्षांत मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता, कारण अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर भारतातल्या कापसाला तोंडाला येईल तो भाव मिळायला लागला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा उदय याच दिवसांतला. राजाबाई टॉवरला पैसे त्यांनीच दिले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा शेअरबाजार कोसळला. एका बाजूला चूल बंद, दुसऱ्या बाजूला तेजी, आणि मधे एकच कापसाची गाठ. मुंबईच्या माणसाला मँचेस्टर कळतं ते इथे.

कापसाचा पैसा गेला कुठे तेही दिसतं. डीन्सगेटवरचं जॉन रायलंड्स ग्रंथालय एका कापडव्यापाऱ्याच्या विधवेने, एन्रिकेटा रायलंड्सने, नवऱ्याच्या नावाने बांधलं. ते १९०० मध्ये खुलं झालं. आत शिरलात की चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं. बायबलमधल्या नव्या कराराचा जुन्यात जुना मानला जाणारा पपायरसचा तुकडा इथे आहे, तळहाताएवढाही नाही. त्याहून जुनं चेटम्स ग्रंथालय १६५३ पासून लोकांना फुकट उघडं आहे. १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स तिथल्या खिडकीच्या कोनाड्यात बसून वाचत असत. एंगल्सला बापाने मँचेस्टरला धाडलं होतं ते घरच्या सूतगिरणीचा धंदा शिकायला. रॉयल एक्स्चेंजमध्ये कापसाचा बाजार भरायचा. आता तिथे नाट्यगृह आहे, पण १९६८ मधल्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून वरच्या फलकावर तसेच आहेत. बंद पडलेल्या धंद्याची इतकी साधी आणि नेमकी खूण मी दुसरीकडे पाहिली नाही.

बाकी थोडक्यात. नेल्सन स्ट्रीटवरच्या ६२ नंबरच्या घरात १९०३ मध्ये एमेलिन पँकहर्स्टने बायकांच्या मताधिकारासाठी संघटना काढली. घर बघता येतं. रदरफोर्डला अणूचं केंद्रक इथे सापडलं, २१ जून १९४८ ला स्वतःच्या स्मृतीत आज्ञावली साठवणारा पहिला संगणक इथे चालला, ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, २००४ मध्ये इथेच वेगळं काढलं. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अ‍ॅलन ट्यूरिंगचा पुतळा सॅकव्हिल गार्डन्समध्ये बाकावर बसलेला आहे, हातात सफरचंद घेऊन. १८९४ मध्ये समुद्रापासून ५८ किलोमीटरचा कालवा खणून या समुद्र नसलेल्या गावाने स्वतःचं बंदर केलं, हेही लक्षात असू द्या.

बर्मिंगहॅम

न्यू स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडलात की पहिला विचार येईल, उगाच आलो. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडले, आणि बाँबमधून वाचलेलं पुष्कळसं नंतर मोटारींसाठी पाडलं गेलं. मोठे रस्ते, काचेच्या इमारती, चकचकीत मॉल. मँचेस्टर पहिल्या नजरेत आवडतं. बर्मिंगहॅमला अर्धा दिवस द्यावा लागतो.

तो अर्धा दिवस कालव्याकाठी द्या. गॅस स्ट्रीट बेसिनला उतरा. इथे वूस्टर बार नावाचा सात फूट रुंदीचा बांध आहे. दोन कालवा कंपन्या एकमेकींच्या शेजारी आल्या, पण आपलं पाणी दुसरीकडे जाईल म्हणून एकीने कालवे जोडू दिले नाहीत. परिणाम काय, तर एका होडीतला माल हमालांनी उचलायचा, सात फूट पलीकडे न्यायचा आणि दुसऱ्या होडीत भरायचा. असं वीस वर्षं चाललं. १८१५ मध्ये मधे दार काढलं तेव्हा होड्या आरपार जाऊ लागल्या. बांधावर उभं राहिलं की दोन्ही पाणी एकाच वेळी दिसतात. इथून कालव्याच्या काठाकाठाने, होड्यांना टप्प्याटप्प्याने खाली उतरवणाऱ्या तेरा दारांच्या (लॉकच्या) बाजूने उतरत ज्वेलरी क्वार्टरकडे पायी जाता येतं. व्हेनिसपेक्षा जास्त मैल कालवे आमच्याकडे आहेत, असं इथला प्रत्येक माणूस सांगतो, आणि ते खरं आहे.

ज्वेलरी क्वार्टर हे माझ्या मते बर्मिंगहॅमला जाण्याचं सर्वांत मोठं कारण. गल्ल्या अजून चालू आहेत. वर भाड्याची खोली, खाली पॉलिशवाला, शेजारी खडे बसवणारा. स्मिथ अँड पेपर हा दागिन्यांचा कारखाना १९८१ मध्ये मालकांनी वय झालं म्हणून बंद केला, कुलूप लावलं आणि निघून गेले. नगरपालिकेने दार उघडलं तेव्हा हत्यारं बाकांवर, कोट खुंटीवर आणि चहाचे कप जागच्या जागी होते. तसंच्या तसं संग्रहालय केलं आहे. बाकांना अर्धगोल कापे दिले आहेत आणि प्रत्येक काप्याखाली चामड्याची झोळी टांगली आहे. कारागीर काप्यात बसायचा आणि कानसलेल्या सोन्याचा कण न् कण झोळीत पडायचा. संध्याकाळी जमीन झाडायची, हात धुतलेलं पाणी सुद्धा गाळून घ्यायचं, कारण त्यातही सोनं असायचं. आपल्याकडे सराफाच्या दुकानापुढची माती विकत घेऊन त्यातून सोनं काढणारे झारेकरी होते, हे ज्यांनी पाहिलं किंवा ऐकलं आहे त्यांना तिथे काही समजावून सांगावं लागत नाही.

जवळच पेन म्युझियम आहे. एकोणिसाव्या शतकात जगात लिहिल्या जाणाऱ्या अक्षरांपैकी फार मोठा भाग बर्मिंगहॅमच्या निबांनी लिहिला जायचा. काम करणाऱ्या बहुतेक बायका आणि मुली. एक निब व्हायला पत्रा कापणं, भोक पाडणं, वाकवणं, चीर देणं अशा कितीतरी पायऱ्या. तिथे हाताच्या दाबयंत्रावर स्वतः निब करून बघू देतात. मला चार वेळा प्रयत्न करावा लागला. तिथली मुलगी दिवसाला हजारोंनी करायची, आणि कामावर बोलली-गायली तर दंड.

आता सोहो, लंडनचं नव्हे, इथलं. मॅथ्यू बोल्टन हा बकला-बटणं करणारा माणूस. १७७५ मध्ये त्याने जेम्स वॉटशी भागी केली आणि वाफेचं इंजिन जगभर विकलं. हँड्सवर्थमधलं त्याचं सोहो हाउस बघता येतं. डार्विनचे आजोबा इरॅस्मस, ऑक्सिजनवाले प्रीस्टली, वॉट असे लोक तिथे पौर्णिमेच्या आसपास जमायचे. रस्त्यावर दिवे नव्हते, परत जाताना चांदणं हवं म्हणून पौर्णिमा. याच बोल्टनने वाफेवर नाणी पाडायची टांकसाळ काढली आणि १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली. एका बाजूला कंपनीचा शिक्का, दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मधे फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. व्यापारी कंपनीचा तराजू आणि त्यावर न्याय हा शब्द. १८२० च्या दशकात मुंबईच्या टांकसाळीची यंत्रंही सोहोहूनच आली. म्हणजे आपल्या अंगावरचं कापड मँचेस्टरने काढून घेतलं आणि खिशातला पैसा बर्मिंगहॅमने पाडला.

कापडाचा हिशेब आपण विसरलेलो नाही. १८९६ मध्ये लँकेशरच्या दबावामुळे हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसला आणि टिळकांनी विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली. १२ डिसेंबर १९३० ला बाबू गेनू हा गिरणीकामगार काळबादेवीला विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. बर्मिंगहॅमचा हिशेब मात्र आपल्याकडे फारसा कोणी मांडत नाही. तिथल्या बंदुका आफ्रिकेत गुलामांच्या बदल्यात दिल्या जात होत्या. आणि तिथल्या संग्रहालयाकडे सुलतानगंजचा बुद्ध आहे: सव्वादोन मीटरहून उंच, पाचशे किलोहून जड, तांब्याची उभी मूर्ती, हात अभयमुद्रेत. १८६१-६२ मध्ये बिहारमध्ये रेल्वेचं काम चालू असताना ती सापडली. रेल्वेचं सामान बनवणाऱ्या सॅम्युअल थॉर्नटन नावाच्या बर्मिंगहॅमच्या माजी महापौराने २०० पौंड पाठवून ती मागवून घेतली. एवढी मोठी, इतकी जुनी धातूची मूर्ती जवळजवळ अखंड राहिलेली दुसरीकडे सापडणं कठीण. ओतकाम करणाऱ्या माणसाने तिच्यापुढे उभं राहून ती कशी ओतली असेल याचा विचार करावा. तिच्यासाठी सुद्धा मी लोकांना बर्मिंगहॅमला पाठवतो. संग्रहालयाच्या दुरुस्तीमुळे दालनं टप्प्याटप्प्याने उघडत आली आहेत, म्हणून मूर्ती बघायला मिळेल ना हे आधी विचारून घ्या.

चाळीत वाढलेल्यांनी हर्स्ट स्ट्रीटवरची बॅक टू बॅक घरं चुकवू नयेत. घराची मागची भिंत आणि शेजाऱ्याच्या घराची मागची भिंत एकच. एकावर एक तीन खोल्या, मधे सामाईक चौक, चौकात सामाईक संडास आणि कपडे धुवायची खोली, आणि धुण्याचे वार ठरलेले. नळाच्या पाळीवरून भांडणं झालेली ज्यांना आठवतात त्यांना तो चौक ओळखीचा वाटेल. अशी हजारो घरं होती; मध्यवस्तीत हा एकच चौक उरला आहे. या घाणीतून शहर बाहेर काढायचं काम १८७३ ते १८७६ मध्ये महापौर जोसेफ चेंबरलेनने सुरू केलं. गॅस आणि पाणी कंपन्यांकडून काढून नगरपालिकेच्या ताब्यात घेतलं. पुढे १९०४ मध्ये वेल्सच्या डोंगरातून ११७ किलोमीटर लांबून नुसत्या उताराने पाणी आणलं. २०२३ मध्ये याच नगरपालिकेवर हातात पैसा नाही असं जाहीर करायची वेळ आली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॅडबरीचं बोर्नव्हिल मुलांबरोबर असाल तरच. चॉकलेटपेक्षा तिथली कामगारांची बागेसह घरं बघण्यासारखी आहेत. कॅडबरी दारूपासून दूर राहणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, म्हणून गावात दारूचा गुत्ता काढू दिला नाही.

जाणं, खाणं आणि मैदानं

लंडनच्या यूस्टनहून बर्मिंगहॅम दीड तासाच्या आत, मँचेस्टर दोन तासांहून थोडं जास्त. मॅरिलबोनहून बर्मिंगहॅमला जाणारी गाडी हळू असते, पण बरेचदा स्वस्त पडते. तिकीट आधी काढलंत तर खूप फरक पडतो. शहर म्हणून बर्मिंगहॅम मोठं, २०२१ च्या जनगणनेत साडेअकरा लाखांच्या जवळ. मँचेस्टर साडेपाच लाख, पण आजूबाजूची गावं धरली तर तेही अठ्ठावीस लाखांच्या पुढे जातं. पायी फिरायला मँचेस्टर सोपं, आणि ट्रामही सोयीची. पावसाला घाबरू नका. मुंबईत एकट्या जुलैत पडतो साधारण तेवढाच तिथे वर्षभरात पडतो, फक्त रोज थोडा थोडा. त्या दमट हवेचा सुताला फायदाच होता, धागा कमी तुटायचा. गिरण्या मुंबईत रुजल्या त्याचंही एक कारण हेच.

जेवणात मी बर्मिंगहॅमला वरचा नंबर देतो. बाल्टी हा प्रकार सत्तरच्या दशकात तिथल्या पाकिस्तानी-काश्मिरी खानावळींत जन्मला. पातळ पोलादी पत्र्याच्या कढईत भर आचेवर झटपट करायचं आणि त्याच कढईत पुढ्यात आणून ठेवायचं, बरोबर मोठा नान. कढया सुद्धा बर्मिंगहॅममध्येच घडवल्या, शेवटी धातूचंच गाव ते. स्पार्कब्रुक, स्पार्कहिल भागात अजून चांगली मिळते. मँचेस्टरची करी माइल, म्हणजे आपल्याकडच्या खाण्याच्या खानावळींचा रस्ता, दिव्यांनी सुंदर दिसते, पण चव सगळीकडे सारखी नाही. शाकाहारींचं दोन्हीकडे भागतं.

क्रिकेटवाल्यांची अडचण खरी आहे. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डला १९३६ मध्ये विजय मर्चंट आणि मुश्ताक अलींनी २०३ ची सलामी दिली, १९७४ मध्ये गावसकरांनी १०१ केले, आणि १४ ऑगस्ट १९९० ला सतरा वर्षांच्या सचिनने नाबाद ११९ करून सामना वाचवला, त्याचं पहिलं कसोटी शतक. फारुख इंजिनियर यांचं नाव आता तिथल्या एका स्टँडला आहे. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनला आपण वर्षानुवर्षं हरत आलो. तिथे पहिला कसोटी विजय जुलै २०२५ मध्ये मिळाला, शुभमन गिलच्या २६९ आणि १६१ च्या जोरावर, ३३६ धावांनी. आठवणी जास्त मँचेस्टरला. ताजा आनंद बर्मिंगहॅमला.

मग कोणी कुठे जावं

गिरणगाव, सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी यांपैकी कुठलंही नाव घरात असेल, कामगार चळवळीत कोणी असेल, किंवा मुंबई कशी घडली हे समजून घ्यायचं असेल तर मँचेस्टर. दुसरा विचार करू नका. पुस्तकं आवडणाऱ्यांसाठीही मँचेस्टरच. रायलंड्स आणि चेटम्सच्या तोडीचं बर्मिंगहॅममध्ये काही नाही.

हाताने वस्तू करणारे, सोनार, तांबट, ओतारी, लेथवर काम केलेले, भोसरी-अंबड-शिरोलीत छोटा कारखाना चालवणारे, नाणी जमवणारे, यांनी बर्मिंगहॅमला जावं. ज्यांना गर्दीचा कंटाळा आहे त्यांनीही. कालव्याकाठी तासभर चाललं तरी माणूस भेटत नाही. नाशिकचे माझे एक स्नेही पितळेची भांडी करतात. मी त्यांना मँचेस्टरला नेलं तेव्हा ते नम्रपणे सगळं बघत होते. पुढच्या वर्षी ज्वेलरी क्वार्टरमधल्या त्या बंद कारखान्यात मात्र ते एका ठशापुढे गुडघ्यावर बसले आणि वीस मिनिटं उठेनात.

गुडघे दुखत असतील तर बॅक टू बॅक घरांचे अरुंद जिने आणि क्वारी बँकचा उतार दोन्ही जड जातात, त्याप्रमाणे बेत करा. बॅक टू बॅकची फेरी आधी नोंदवल्याशिवाय मिळत नाही; चेटम्सलाही वेळ ठरवून जावं लागतं. मँचेस्टरचं टाउन हॉल २०१८ पासून दुरुस्तीसाठी बंद केलेलं आहे, तिथली भित्तिचित्रं बघायची असतील तर उघडलं का ते तपासा. आणि स्टायलला गेलात तर दारातच विचारून ठेवा की साचा किती वाजता चालू करणार. तो दिवसभर चालत नाही, आणि बंद साचा बघून यायला एवढ्या लांब जाण्याची गरज नाही.